जास्त उजेडाचं बटण

मानवजातीची प्रगती खटक्यापाशी येऊन थांबली आहे, हे कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवं. खटका दाबला की दिवा लागतो, पुन्हा दाबला की विझतो. यात शिकलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरतच नाही.

सदर उणीव प्रस्तुत लेखकाने आपल्या घरापुरती दूर केली. निमित्त आईच्या डोळ्यांचं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. उजेड सोसत नाही म्हणून तिच्या खोलीला जाड पडदे लावले होते. डॉक्टर म्हणाले, "उजेड हळूहळू वाढवत न्या." बायको म्हणाली, "पडदा रोज थोडा थोडा सरकवू." सूचना चांगली होती, पण तिच्यात मायक्रोकंट्रोलर नव्हता.

म्हणून मी आईच्या उशाशी एलईडीचा दिवा बसवला. त्याला दोन बटणं. हिरवं दाबलं की उजेड एक पायरी वाढतो, लाल दाबलं की एक पायरी उतरतो.

आता बटण ही वस्तू दिसते तितकी सरळ नसते. एकदा दाबलं तरी आतला पत्रा थरथरतो आणि मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे दिव्याच्या चिमुकल्या मेंदूला, वाटतं, कोणी पाच-सात वेळा दाबलं. (आमचे धाकटे काका दाराची बेल याच पद्धतीने वाजवतात. त्यांच्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.) आईजवळ बसण्यासाठी घेतलेली माझी सगळी रजा या दोषनिवारणात खर्ची पडली. तिच्याजवळ बायको बसली. (ती बसू शकत होती, तिला सोल्डरिंग येत नाही.)

चाचणीचे निष्कर्ष असे: उजेड वाढला, शंभर टक्के. उजेड उतरला, शंभर टक्के. घरच्यांकडून कौतुक, मोजणी चालू आहे.

"बिघडला तर रे?" आईने विचारलं.

"बिघडणार नाही," मी म्हणालो. "मी बनवलाय."

तिने विश्वास ठेवला. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

दोन-तीन दिवसांत आई गप्प गप्प राहू लागली. वाचायला काढलेलं पुस्तक उशाखाली गेलं. मी आल्यागेल्याला दिवा दाखवत होतो आणि तीही बिचारी मान डोलवत होती. मग एका दुपारी ती बायकोला म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याचं राहू दे. एक गेलाच आहे, हा तरी असू दे."

"गेला म्हणजे?"

"वाचायला म्हणून उजेड वाढवत नेते आणि नेमका त्याच वेळी डोळ्यांपुढे काळोख येतो."

मी ताबडतोब डोळ्यांच्या आजारांची माहिती काढायला बसलो. बायकोने हिरवं बटण दाबायला घेतलं. उजेड वाढला, आणखी वाढला, आणि खोलीत काळोख झाला.

"तुलाही नाही दिसत?" आईने विचारलं.

"नाही हो, आई."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता आई रडलीसुद्धा.

खुलासा: उजेडाचा आकडा दोनशे पंचावन्नपर्यंतच जातो. त्यापुढे ढकलला तर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा फिरून शून्यावर येतो. तिथे त्याला थांबवणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहायची असते. ती राहिली. निम्म्याच्या वर दिवा मी तपासलाच नव्हता. (एवढा उजेड लागतो कोणाला, असा माझा अंदाज होता.)

आई एवढंच म्हणाली, "दिवा तू केलेला. मग मला वाटलं, डोळाच गेला." बायकोने उठून पडदा थोडा सरकवला.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली. ऑफिसातल्या मित्राने विचारलं, आकडा दोनशे पंचावन्नलाच का अडतो. काकांनी विचारलं, दिवा आता नीट चालतो का. (चालतो.) आईच्या दुसऱ्या डोळ्याचं पुढे काय झालं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. तुम्ही विचारणारच होता, याची मला खात्री आहे. फक्त त्याआधी, ती राहिलेली ओळ नेमकी कुठे घालायची, तेवढं विचारून घेणार होता.