हौद्याला एकही ओरखडा नाही

टेक्सासातील लबक शहराचे रहिवासी आणि विमा कंपनीतले कारकून लाइल पर्किन्स शनिवारी दुपारी आपल्या अवजड डिझेल पिकअपचा पाचवा वार्षिक अहवाल लिहीत होते. तो पिकअप-मालकांच्या संघाच्या संकेतस्थळावर जायचा होता. ओढण्याची क्षमता सोळा टन, असं त्यांनी ठळक अक्षरांत नोंदवलं. 'आजवर वाहिलेला माल' या रकान्यात दरवर्षीप्रमाणे 'निरंक' लिहिलं. घर ते ऑफिस तीन मैलांचं अंतर होतं आणि ऑफिसचे कागद खिशात मावत.

"लाइल, आईचं कपाट आज आणायचंच आहे," बायको डार्लीन म्हणाली. "पाच वाजता घराचा ताबा द्यायचाय. मागे राहील ते नवा मालक फेकून देणार."

डार्लीनच्या आईचं, व्हर्नाबाईंचं, वय एक्याऐंशी. प्लेनव्ह्यू गावातलं घर मोडून त्या लेकीकडे राहायला येत होत्या. बाकी सगळं त्यांनी वाटून टाकलं होतं. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी केलेलं ते एक कपाट मात्र सोडवेना.

"आज शक्य नाही. गाडी आजारी आहे," लाइल गंभीरपणे म्हणाले. "काम नसल्यामुळे धुराची जाळी काजळीने तुंबलीय. मेकॅनिकने मागे तीन टन लावून दोन तास हायवेवर पळवायला सांगितलंय. आजच. नाहीतर उद्यापासून ती ताशी पाच मैलांवर येणार."

"मग ने की कपाट!"

"कपाट म्हणजे ओझं नव्हे, डार्लीन. ते फार तर ऐंशी किलो भरेल."

म्हणून त्यांनी भाड्याने ट्रेलर आणला आणि त्यात तीन टन दगड भरून घेतले. दगड कुठे न्यायचे, असं खडीवाल्याने विचारलं. परत इथेच, असं लाइलनी सांगितलं.

"कुठल्या रस्त्याने जाणार आहेस?" डार्लीनने विचारलं.

"प्लेनव्ह्यूच्या."

"आणि गाडीचा मागचा हौदा?"

"रिकामाच आहे."

"लाइल!"

"ओरखडे पडतात गं. विकताना किंमत येत नाही. शिवाय मध्ये थांबलो तर जाळी थंड होईल, मग सगळं पहिल्यापासून."

डार्लीनला रडू आलं. डोळे पुसून ती शेजारच्या ओफेलिया त्रेविन्योंकडे गेली. बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आता त्यांच्याकडे वीस वर्षांची एक चिमुकली मोटार आणि कपडे वाळत घालायची दोरी होती. तेवढं पुरे, असं त्या म्हणाल्या.

लाइल सासूबाईंच्या फाट्यावरून न थांबता पुढे गेले. परतताना, साडेपाचच्या सुमाराला, एक चिमुकली मोटार त्यांना मागे टाकून गेली. टपावर दोरीने करकचून बांधलेलं कपाट होतं. पुढच्या खिडकीतून व्हर्नाबाईंनी हात हलवला.

"जावईबापू," त्या ओरडल्या, "दगड जपून आणा हो!"

घरी पोचून लाइलनी अहवाल पूर्ण केला. जाळी स्वच्छ झाली होती आणि हौद्याला पाच वर्षांत एकही ओरखडा नव्हता. दोन हजार सदस्यांनी अहवाल उपयुक्त ठरवला. 'पण पाच वर्षांत वाहून काय नेलंत?' असं एकाने विचारलं. विषयांतराबद्दल त्याचं सदस्यत्व रद्द झालं.

आत डार्लीन कपाट उघडत होती. त्यात चादरींत गुंडाळलेल्या सोनेरी काठाच्या बारा ताटल्या निघाल्या, तळाला चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.

"आई, या तुझ्या लग्नातल्या ना? कधी वापरल्याच नाहीस?"

"वेडी आहेस का? चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्यात," व्हर्नाबाई दचकून म्हणाल्या. "आण इकडे. तडा जाईल."

लाइल दारात थबकले. या घरात आपलं दुःख कळणारं माणूस आलंय, हे त्यांना प्रथमच जाणवलं. रात्रीचं जेवण सगळ्यांनी कागदी ताटल्यांत केलं.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त हसताना आपल्या शोकेसच्या काचेला टेकू नका; आतला डिनर सेट हलेल.