करंगळीची खिडकी

सामंतकाकांच्या प्रत्येक बुटाला खिडकी आहे. नवा बूट घरी आला की काका ब्लेड घेऊन बसतात आणि बाहेरच्या अंगाला, करंगळीच्या मुळाशी, रुपयाएवढं भोक पाडतात. कल्याणला पुतण्याच्या लग्नात काढलेल्या फोटोंत नवरानवरीच्या खालोखाल उठून दिसतो तो काळ्या बुटातून डोकावणारा काकांचा पांढरा मोजा.

तिथे त्यांचं हाड बाहेर आलंय. चांगली सुपारीएवढी गाठ आहे. "हा बघा अन्याय!" असं म्हणून ते ती कुणालाही दाखवतात. जिन्यात दाखवतात, बँकेत दाखवतात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत दाखवली. "मला सांगा वहिनी, माणसाचा पाय पुढे रुंद असतो की नाही? मग बूट पुढे निमुळता कशाला? अंगठा काय पायाच्या मधोमध असतो? कंपनीने आयुष्यभर असले बूट घालायला लावले. अन्याय!"

डोंबिवलीत मी त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे या अन्यायातला मोठा वाटा माझ्याकडे येतो. गणपतीच्या आरतीनंतर आम्ही बायका फरशीवर मांडी घालून बसलो की काका घड्या घातलेले टॉवेल घेऊन हजर. "पायाखाली घ्या. करंगळीचं हाड फरशीवर दाबलं जातं." बूट घ्यायचे तर संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यायचे, हे मला झोपेतही पाठ आहे.

माझी बहीण ठाण्याहून नवे टोकदार सँडल घालून आली, तर त्यांनी तिला जिन्यातच अडवलं. माझा त्या दिवशीचा पेपर, शब्दकोडं सोडवायचं बाकी असलेला, जमिनीवर पसरला, तिला त्यावर अनवाणी उभं केलं आणि पेन्सिलीने पायाची रेघ मारली. मग रेघेवर तिचा सँडल ठेवून म्हणाले, "बघा, पाय बाहेर सांडतोय." त्यानंतर बहीण अजून आलेली नाही. फोनवर विचारते, "ते आहेत का गं वर?"

काकांची मुलगी केतकी ठाण्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. काकू ती शाळेत असतानाच गेल्या. तेव्हापासून घरात ही दोघंच. मध्यंतरी हॉटेलने मुलींचा युनिफॉर्म बदलला. काळे, निमुळते, उंच टाचांचे बूट आले. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खिडकीवाले बूट घालून थेट मॅनेजरसमोर उभे राहिले. "बूट तुमचे, पण पाय माझ्या मुलीचे आहेत!"

मॅनेजर म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. केतकी घरी येऊन म्हणाली, "बाबा, परत आलात तर माझी नोकरी जाईल." त्यानंतर काका चक्क हॉटेलकडे फिरकले नाहीत.

आणि त्याच आठवड्यात माझ्या डोक्यावर ठक ठक सुरू झाली. भर दुपारी! मी जेवून जरा आडवी झाले की वर टाचांचे बूट फिरायला लागायचे. केतकी तर कामावर. मग कोण ही बाई? आमच्या चपलांवर प्रवचनं देणाऱ्याच्या घरात टाचा? चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच मी वर गेले आणि बेल दाबली.

ठक ठक दारापर्यंत आली. दार काकांनीच उघडलं. अंगात बनियन, लेंगा पोटरीपर्यंत दुमडलेला, आणि पायांत जाड लोकरी मोज्यांवर चढवलेले केतकीचे नवे कोरे बूट. एका हाताने त्यांनी भिंत धरली होती. कपाळावर घाम होता.

काकांचे पाय देहाच्या मानाने लहान. केतकी पायांच्या बाबतीत बापावर गेलीय, हे मला तेव्हा कळलं.

"हा जादा जोड. तिला घालायला द्यायच्या आत सैल करतोय," ते पुटपुटले.

"अहो, मग चांभाराकडे टाका! लाकडी साच्यावर चढवून देईल तो."

"लाकडाला कळतं का, कुठे चावतंय ते?"

मी खाली बघितलं. डाव्या बुटाचं कातडं करंगळीपाशी ताणून पार फुगलं होतं. "काका, तुमची ती गाठ..."

"थोडी कंपनीची," ते म्हणाले. "बाकीची हिच्या बुटांची. कॉलेजपासून. तिला सांगू नका हं वहिनी. तिला वाटतं, तिला नवे बूट चावतच नाहीत."

अन्याय हा शब्द त्यांच्या तोंडून आलाच नाही. मलाच त्या मॅनेजरचा असा संताप आला की बोलायला आलेलं सगळं विसरले.

"निदान बसा तरी जरा," मी म्हटलं.

"बसून कसं कळणार? ती दिवसभर उभी असते," काका म्हणाले आणि भिंत धरून पुन्हा चालायला लागले.