डेटाबेस आपोआप, पतिराज हाताने

घरातल्या तीन कॉम्प्युटरांवरची सॉफ्टवेअर सांभाळायचं खातं पतिराजांकडे होतं. (ते त्यांना कुणी दिलं नव्हतं.) नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामची फाइल, आपल्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचं, मग नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसला तसं कळवायचं, की बाकीची यंत्रं ते उचलायची. पतिराज पॅकेज ठेवायचे आणि कळवायला विसरायचे.

"अहो, दर वेळी तुम्हाला आठवण करून देत बसले तर शिवू कधी?" बायको म्हणाली. ती कपडे शिवायची, आणि कापायचे नमुने कॉम्प्युटरवर आखायची. रविवारी एका वकिलाचा कोट द्यायचा होता. तो पसंत पडला तर अख्खं कोर्ट तिच्याकडे येणार होतं.

पतिराजांना हे लागलं. त्यांनी फोल्डरवर पहाराच बसवला. फाइल आली-गेली की डेटाबेस आपोआप बदलणार आणि यंत्रं मुकाट तसंच वागणार; माणसाने लक्षात ठेवायची भानगडच नाही. त्या आनंदात त्यांनी फोल्डर झाडायला घेतला आणि जुनी पॅकेजं पुसून टाकली.

डेटाबेसने इमानेइतबारे नोंद घेतली. यंत्रांनीही.

"जावईबापू, माझं बुद्धिबळ कुठे गेलं?" आतून सासरे ओरडले. "एका चालीत मात होती हो!"

"कुणावर?"

"माझ्यावरच. पण गेलं कुठे?"

पाठोपाठ बायको दारात उभी. "माझा नमुन्यांचा प्रोग्राम नाहीसा झालाय."

"नाहीसा नाही. आपोआप निघालाय," पतिराज अभिमानाने म्हणाले, आणि मग घाईघाईने कॉम्प्युटरकडे वळले. "तू निश्चिंत राहा. आत्ता आणतो."

ते बसले. समोर ताट आलं, गेलं. कुणी काही सांगितलं की ते ‘हूं’ म्हणून तसं करत होते. नजर पडद्यावरून हलली नाही.

"आला!" शेवटी ते ओरडले. "तुझा प्रोग्राम आला. घे कोट करायला. रविवारला अजून अवकाश आहे."

"आज सोमवार आहे. कोट कालच गेला. नमुना कागदावर काढला."

"आणि फिटिंग?"

"वकीलसाहेब साधारण तुमच्याच बांध्याचे. तुमच्या अंगावर घालून बघितला. उभे राहा म्हटलं, राहिलात. हात वर म्हटलं, केलेत."

"मग मला कसं कळलं नाही?"

"तुम्हाला वेगळं कळवावं लागतं ना," बायको म्हणाली. "ते राहिलं."

 न राहवून पतिराजांनी विचारलं, "त्यांना बसला का नीट?"

"खांद्यात अगदी चपखल. फक्त पोटात फार सैल झाला."