शेपूट दिसल्याशिवाय नाव नाही

शिवप्पाअण्णांना कुणी पाखराचा फोटो दाखवला, की ते आधी ब्लाउजपीसचा गठ्ठा काढतात. हळ्ळीखेडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आणि त्याला लागून माझं वह्या-पुस्तकांचं, त्यामुळे हा प्रकार मी नेहमी बघतो. "पिवळी छाती म्हणायलास, पर कसली पिवळी? हळदीची का लिंबाची?" असं म्हणत ते काउंटरवर सगळे पिवळे तुकडे पसरतात. खण घ्यायला आलेल्या बायाही आपली खरेदी विसरून पाखराच्या छातीवर मत द्यायला लागतात. कधी कधी गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं, पण अण्णा पाखराला सोडत नाहीत.

आमच्या भागातल्या हौशी लोकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. कुणाला शेतात, तळ्यावर अनोळखी पाखरू दिसलं की फोटो तिथं येतो आणि सगळे अण्णांची वाट बघतात. अण्णांचा नियम एकच. "शेपूट दाखीव, मग नाव इचार." चोच फसवते, रंग उन्हात बदलतो, शेपूट तेवढं खरं, असं त्यांचं म्हणणं. जनवाड्याच्या एका गुरुजींनी खांबावर बसलेल्या घुबडाचा फोटो टाकला होता. फार दुर्मिळ आहे, पेपरात द्यायचा विचार आहे, असंही लिहिलं होतं. अण्णांनी फोटो बोटांनी ताणताणून पाहिला आणि उत्तर दिलं, "गुरुजी, ह्याला शेपूट न्हाई, शिवण हाय. गोणपाट हाय ते." गुरुजी बरेच दिवस ग्रुपवर फिरकले नाहीत.

स्वतः अण्णांनी मात्र कुणाला कधी एखाद्या पाखराचं नाव विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यात त्यांना कमीपणा वाटायचा.

त्यांचा धाकटा भाऊ मल्लप्पा दुबलगुंडीला शेती करतो. वाटणी झाली तेव्हापासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद. पण मल्लप्पा ग्रुपवर फोटो टाकायचा, अण्णा नाव सांगायचे, तेवढाच धागा. शिवाय येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडं सगळे शेतात जेवतात, डाळी-भाज्यांची भज्जी खातात, आंबील पितात. त्या दिवसासाठी मल्लप्पा न चुकता फोन करून अण्णांना बोलवायचा आणि अण्णा नवा सदरा घालून जायचे.

गेल्या येळवशीच्या थोडं आधी मल्लप्पानं एक फोटो टाकला. नांगरटीत बसलेलं पांढरंशुभ्र पाखरू, चोच पिवळी, शेपूट ढेकळाआड. खाली लिहिलं होतं, "अण्णा, हे कोणतं?" त्या दिवशी दुकानात लग्नाचा बस्ता चालू होता. अण्णांनी गठ्ठा काढला नाही, शेपूटही विचारलं नाही. घाईघाईत लिहिलं, "असलं पाखरू नसतंय. मोबाईलवर रंग मारलाय. मल्लू ल्हानपणापासून थापाड्या." सगळा ग्रुप हसला. गुरुजी सगळ्यांत जास्त हसले. संध्याकाळी मल्लप्पा ग्रुप सोडून गेला.

येळवस आली. फोन आला नाही. दुपारी अण्णा नवा सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. "गाडी काढ. पाखरू बघून येऊ."

दुबलगुंडीच्या त्या शेताच्या बांधावर आम्ही थांबलो. पलीकडं कडब्याच्या खोपीजवळ पंगत बसली होती, मल्लप्पा वाढत होता. अलीकडं साळुंक्यांच्या थव्यात ते पांढरं पाखरू किडे वेचत फिरत होतं. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"साळुंकीच हाय की रे. एखादी जन्मताच पांढरी निपजती. डोळ्यामागं पिवळं हाय बघ. ते फोटूतबी असंल. म्या नीट बघितलंच न्हाई."

"मग चला की, सांगू त्यांना. जेवूनच जाऊ," मी म्हणालो.

"बोलावणं न्हाई." त्यांनी पाखराचा एक फोटो काढला आणि गाडीवर येऊन बसले. मला फार वाईट वाटलं. भाऊ हाकेच्या अंतरावर होता, आणि एवढं बोलणाऱ्या माणसाला हाक मारता आली नाही.

परवा कापडाची घडी घालता घालता त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बघ रे, गेलाय का?" मल्लप्पाला पाठवलेले फोटो होते. पहिली ती पांढरी साळुंकी, मग एक चिमणी, मग एक कावळा. शेंबडं पोरही ओळखेल अशी पाखरं. प्रत्येकाखाली अण्णांनी लिहिलं होतं, "मल्लू, हे कोणतं पाखरू?"

प्रत्येकापुढं दोन निळ्या खुणा होत्या. उत्तर एकालाही नव्हतं.

"बघितलेत त्यांनी," मी म्हणालो.

"व्हय, बघायलाय की." अण्णांनी फोन परत घेतला आणि कावळ्याचा फोटो बोटांनी ताणून पाहिला. "ह्यात शेपूट आलं न्हाई बघ. मग त्यानं तरी नाव कसं सांगावं? उद्या शेपटीसकट धाडतो."