घट्ट झालेला ऑक्सिजन

चुंबकामुळे ऑक्सिजन घट्ट होतो, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. पुस्तकं म्हणतात, उलट किंचित पातळ होतो आणि नळीतून जरा सहज वाहतो. म्हणोत बापडी. आमच्या प्रयोगशाळेत मी विजेचा चुंबक चालू केला की ऑक्सिजनच्या प्रवाहाचा काटा धाडकन खाली यायचा. म्हणजे पुस्तकंच चुकली!

"मी केलं की काटा केसभर वर जातो," शंकेखोर म्हणाला. हा माझा जोडीदार. आईच्या हातचं जेवतानाही मीठ तपासून घेणारा.

"तुझा हात थरथरतो," मी खेकसलो.

"जवळपास लोखंड नाही ना?"

इथे माझं डोकंच फिरलं. दारावर 'लोखंड बाहेर ठेवा' ही पाटी कोणी लावली? मी. किल्ल्या आणि घड्याळांवरून रोज सगळ्यांशी भांडतं कोण? मीच. आणि हा मला विचारतो!

विभागप्रमुख मॅडमनी बजावलं होतं, आज परिणाम दाखवा, नाहीतर चुंबक शेजारच्या खोलीत जाईल. शेजारचे तर टपूनच बसले होते. त्यामुळे मॅडम आल्या तेव्हा मी आधीच धुमसत होतो. दारातच त्यांना केसांचा चाप काढायला लावला. त्यांनी काढला, पण माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका.

मी बटण दाबलं आणि नेहमीसारखा काटा वाचायला पुढे वाकलो. काटा धाडकन खाली.

"बघा!"

"बघतेय. तुमचं पोट ऑक्सिजनच्या रबरी नळीवर दाबलं गेलंय. जरा मागे या."

मला मागे येता येईना. माझ्या पट्ट्याचं बक्कल चुंबकाला घट्ट चिकटलं होतं.

"ते पितळी आहे," मी ओरडलो. "सासऱ्यांनी दिलंय, अस्सल पितळी!"

शंकेखोराने चुंबक बंद केला, तेव्हा सुटलो.

"आता पट्टा काढून करा," मॅडम म्हणाल्या.

एका हाताने पँट धरून मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. काटा केसभर वर गेला. पुस्तकात म्हटलंय तेवढाच.

"परिणाम दिसला. चुंबक इथेच राहील," मॅडमनी चाप केसांत खोचला. "पण यांच्या ताब्यात." त्यांचं बोट शंकेखोराकडे होतं.

पँट सावरतच घरी आलो आणि तणतणत सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, ते बक्कल पितळी आहे म्हणाला होतात ना?"

"छे हो, नुसता मुलामा," ते शांतपणे म्हणाले. "म्हटलं, जावईबापू कुठे चुंबक लावून बघणार आहेत?"