बैलानं शपथ घेतली नव्हती

पाट मांडले होते, ताट अजून यायचं होतं, आणि मी बोलून बसलो, "वा! शेंगाचटणी काय फर्मास झालीय!"

"तोंडानं पादू नका, मास्तर," यजमान म्हणाले.

हे आमचे शेजारी सिद्रामअण्णा, मिलमधले फिटर. कुणी उगाच गोड बोललं की त्यांच्या तोंडून हे सुटायचंच. समोरचा लहान की थोर, ते बघायचे नाहीत. निवडणुकीच्या सभेत उमेदवार "घरोघर नळ आणीन" म्हणाला, तेव्हा अण्णा पहिल्या रांगेतूनच तेच बोलले. सभा तिथंच आटोपली.

या बोलण्याचं कूळही ते सांगत. "आमचा आजा करमाळ्याच्या बाजारात बैल घ्यायला गेला. दलाल म्हणला, देवाशपथ, ह्यो बैल तुपावर वाढलाय. तेवढ्यात बैलानं मागनं आवाज काढला. आजा म्हणला, वारा दोगांनीबी सोडला की! पर बैलानं शपथ घेतली न्हाय."

अण्णा विधुर. घर सगळं त्यांची मुलगी गौरा सांभाळायची. तिला वैरागचं चांगलं स्थळ आलं. मुलगा तिलाही पसंत होता, पण ती अडून बसली. ऐन बैठकीत आतल्या दाराआडून तिचा आवाज आला, "मी गेल्यावर अण्णांना भाकरी कोण करून घालंल?"

पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मी मनात म्हटलं, हा माणूस आता खरं बोलणार आणि स्थळ हातचं जाणार!

अण्णा हसले. "मला? अगं, मला येती की भाकरी! तुज्यापरास पातळ थापतो. आन् एकटं ऱ्हायला तर मला लई आवडतं."

भाकरी! मागं गौरा मामाकडं गेली होती, तेव्हा या गृहस्थांनी पीठ पाण्यात कालवून पिऊन दिवस काढले होते. त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

आत गौरा रडता रडता हसली. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर अण्णा आत चुलीपुढच्या तिच्या रिकाम्या पाटाकडं बघत पुटपुटले, "शपथ तेवडी घेतली न्हाय, मास्तर."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "गौराचं लग्न झालं, की रोज दोन भाकऱ्या नेऊन देत जा त्यांना. उरल्यात म्हणून सांगा. आणि चटणीला म्हणालात तसं म्हणू नका. जरा खरं वाटू दे."