कदम सरांचा एकच सवाल

ग्रुप फोटो काढायचा असेल तर कदम सरांना बोलावू नये. फोटोग्राफर बटण दाबणार तेवढ्यात ते हात वर करतात, "थांब बे. ह्याच्यात कोण राहिलं?" आमच्या गॅदरिंगच्या फोटोत त्यांनी आधी शिपायाला आणलं, मग झाडणाऱ्या मावशींना, मग आचाऱ्याला. आचारी झारा घेऊन थेट प्राचार्यांना खेटून उभा आहे. तो फोटो ऑफिसात अजून लावलेला आहे.

विद्यापीठानं त्यांना आम्हा कॉम्प्युटरच्या मास्तरांच्या मदतीला पाठवलं होतं. प्रोग्रॅमिंग शिकवता शिकवता समाजाची जबाबदारी कशी शिकवायची, ते तालुक्या-तालुक्याला फिरून दाखवत. मी तलवाड्याचा, घरातला पहिला पदवीधर, गेवराईच्या कॉलेजात नवाच लागलेलो. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवारी तास बघायला येतो; नुसतं प्रवचन निघालं तर हे सगळं बंद.

त्या तासासाठी मुलांनी ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचा प्रोग्रॅम केला होता. एक कोयता, एक ओळ. सरांनी तो गुरुवारी बघितला आणि विष्णू नावाच्या पोराला विचारलं, एका कोयत्यात माणसं किती?

"दोन, सर. नवरा-बायको."

"मंग बायको कुठं गेली?"

विष्णू म्हणाला, टोळीचा मुकादम नवऱ्याचंच नाव लिहितो.

"त्यो लिहितो. तुमी कावून तसंच लिहिलं?"

वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया तेव्हा उसाच्या फडातच होत्या. संध्याकाळपर्यंत पोरांनी अख्खा प्रोग्रॅम मोडून नवा मांडला. एका माणसाला एक ओळ.

शुक्रवारी सर वर्गाकडे फिरकलेच नाहीत. तास तुझा हाय, म्हणाले, आणि कॅन्टीनमध्ये भजी खात बसले. विष्णूनं प्राचार्यांना जुना प्रोग्रॅम दाखवला, त्यात त्याची आई नव्हती. मग नवा दाखवला, त्यात होती. प्राचार्य जाताना एवढंच म्हणाले, तास चालू ठेवा. माझा तो तास आजही वेळापत्रकात आहे, तो सरांमुळे.

मी पळत जाऊन त्यांना लॅबमध्ये आणलं. म्हटलं, तुम्हीही एक नोंद करून बघा. एरवी दहाही बोटांनी धडाधड टाइप करणारा माणूस, पण आईचं नाव त्यांनी एका बोटानं, सावकाश लिहिलं. त्यांच्या घरीही कोयता होता, हे मला तेव्हा कळलं. पुढचा रकाना या हंगामात कोणत्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडला, त्याचा होता. तिथं ते थांबले.

"कारखाना कोणता, सर?"

"ऱ्हाऊ दे रिकामा," ते म्हणाले. "लई तोडला तिनं."